तीन नंबर कामावर नाही

पुण्यात कुणाला काही विचारू नये म्हणतात. विचारायची गरजच नसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या गाडीचं बॉनेट उघडावं आणि कमरेवर हात ठेवून गप्प उभं राहावं. दहा मिनिटांत शहराचं सगळं यंत्रज्ञान तुमच्याभोवती गोळा होतं. त्यातले निम्मे लोक पँटला इस्त्री करून आलेले असतात, म्हणजे हात काळे करायचा त्यांचा इरादा नाही हे उघड असतं. ते फक्त निदान करायला आलेले असतात.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. सासऱ्यांनी १९८६ साली घेतलेली, म्हणजे त्या काळी नंबर लावून, पैसे भरून आणि वर्षानुवर्षं वाट बघून मिळवलेली. गाडी मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली. १९७२ साली तिचं नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ साली ‘पद्मिनी’. इटलीत जन्मून, कुर्ल्यात वाढून, चितोडच्या राणीचं नाव लावणारी ही बाई आमच्याकडे सदाशिव पेठेतून कोथरूडला आली आणि तिथेच स्थायिक झाली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत अग्रलेखांपर्यंत हळहळ व्यक्त झाली. आमची मात्र पंधरा वर्षं उलटून गेल्यावरही पर्यावरण कर भरून, दर पाच वर्षांनी नव्याने नोंदणी करून चालूच आहे. तिच्यासाठी अजून कुणी हळहळलेलं नाही. सिग्नलला मागचे लोक हॉर्न मात्र वाजवतात.

तर गेल्या पावसाळ्यात ही गाडी मिस मारायला लागली. चालत्या गाडीत ते फारसं कळत नसे. पण नळस्टॉपच्या सिग्नलला थांबलं, गिअर न्यूट्रलला टाकला आणि पाय रेसवरून काढला की गाडीला हुडहुडी भरायची. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर थरथरायचा, ॲश-ट्रेचं झाकण वाजायचं, आणि आरशात मागचा एक स्कूटरवाला तीन-तीन दिसायचा. तिघेही चिडलेले. डॅशबोर्डवरचा गणपती मान नाही-नाही अशी हलवायचा. मग एकदा खोल ‘फुस्स’ करून इंजिन बंद पडायचं, आणि सिग्नल त्याच क्षणी हिरवा व्हायचा.

पहिल्या रविवारी बॉनेट उघडलं. बँकेतून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “पेट्रोल.” काकांच्या मते देशातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ हल्लीच्या पेट्रोलमध्ये आहे. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं, ही गाडी शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेली, जुन्या रबराच्या नळ्या इथेनॉलने झिजतात, हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि यातलं काहीही खोटं नव्हतं. पण आमच्या चेअरमनसाहेबांचं गाव बारामतीकडचं, घरची उसाची शेती. त्यांना हा आरोप स्वतःच्या वावरावर आल्यासारखा वाटला. मग इथेनॉल, साखर कारखाने, एफआरपी म्हणजे उसाचा किमान दर, थकलेली बिलं, आणि शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात ते शहरी माणसाला का खुपतात, अशी चर्चा अर्धा तास चालली. इंजिन आधीच बंद पडलेलं असल्यामुळे ऐकू मात्र सगळ्यांना छान आलं.

बायकोचे मामा आले ते अँबॅसिडर घेऊनच आले. म्हणजे गाडी नव्हे, आठवण. १९७९ साली खंडाळ्याच्या घाटात त्यांची अँबॅसिडर अशीच मिस मारत होती, आणि त्यांनी पेट्रोल पंपावर ओला फडका टाकला आणि गाडी सरळ लोणावळ्याला. इथे पेट्रोल पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे, इंजिनाच्या कडेला बसवलेला. उन्हाळ्यात घाट चढताना तो तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. ओल्या फडक्याचा उपाय शंभर टक्के खरा आहे. फक्त तो घाटातला, मे महिन्यातला आणि तापलेल्या गाडीचा आहे. आमची गाडी कोथरूडच्या सपाटीवर, जुलै महिन्यात, गारठलेल्या पार्किंगमध्ये उभी होती. तरी मामांनी फडका मागवला. पंपावर घातलेला तो फडका बायकोने संध्याकाळी ओळखला आणि त्यावरून घरात जे झालं त्याचा गाडीशी संबंध नाही.

वॉचमन म्हणाला बॅटरी. इस्त्रीवाला म्हणाला बेरिंग. त्याचा भाऊ रिक्षा चालवतो आणि नुकतंच त्या रिक्षाचं बेरिंग गेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी भाजीची पिशवी घेऊन जाता जाता म्हणाल्या, “विकून का नाही टाकत?” हे निदान सर्वांत जलद झालं.

आणि भाचा. भाचा हिंजवडीत आयटीत आहे. त्याने खिशातून काडेपेटीएवढी एक डबी काढली, ती मोबाइलशी जोडली आणि स्टिअरिंगच्या खाली डोकं घालून बराच वेळ चाचपडत राहिला.

“मामा, ह्याचं पोर्ट कुठंय?”

“कसलं पोर्ट?”

“कोड वाचायचं.”

या गाडीला काही सांगायचं असेल तर ती थरथरून सांगते, असं मी म्हणालो. त्याला माझी दया आली. त्याच्या गाडीत म्हणे इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, डबी लावली की पी-०३०३ असा कोड येतो, आणि शेवटचा तीन म्हणजे तीन नंबरचा सिलेंडर मिस मारतोय. मी विचारलं, का मारतोय? तो म्हणाला, ते कोडमध्ये नसतं, ते गॅरेजवाला बघतो. एकूण चाळीस वर्षांच्या प्रगतीनंतरही ‘का’ हा प्रश्न गॅरेजवाल्याकडेच शिल्लक राहिला आहे, हे ऐकून मला बरं वाटलं.

या सगळ्या मंडळींमध्ये एक गोष्ट समान होती. प्रत्येकाने आमच्या इंजिनात स्वतःला अलीकडे झालेला त्रास पाहिला. काकांना महागाई, मामांना तारुण्य, इस्त्रीवाल्याला भावाचं कर्ज. गाडीकडे कुणी फार वेळ बघत नव्हतं. निदान मात्र ठाम. आणि जाताना प्रत्येकजण काहीतरी घट्ट करून जात असे. चेअरमनसाहेबांनी पान्याने कार्बोरेटरचे नट आवळले. मामांनी पुन्हा आवळले. भाच्याने टॉर्क किती लागतो ते मोबाइलवर शोधलं, सापडलं नाही, मग अंदाजाने आवळले. मराठी माणसाच्या हातात पाना आला की तो एकाच दिशेने फिरतो. या नटांची गोष्ट पुढे येते.

आता खरं सांगायचं तर इंजिनाच्या मागण्या फार नाहीत. त्याला पेट्रोल आणि हवा ठरलेल्या प्रमाणात हवी, ती दाबायला बंदिस्त जागा हवी, आणि नेमक्या क्षणी ठिणगी हवी. बस. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं. गाडी नुसती उभी असते तेव्हा ते मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं, म्हणजे चारही सिलेंडर मिळून मिनिटाला सोळाशे वेळा पेट घेतात. सेकंदाला सव्वीस-सत्तावीस स्फोट. हे सगळं एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने. बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट कॉइल करते, पॉइंट उघडतो तेव्हा. तो करंट डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून चार वायरींत वाटला जातो. त्या पॉइंटमधली फट असते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. एक सिलेंडर संपावर गेला तर मिनिटाला चारशे स्फोट गैरहजर. रस्त्यावर बाकीचे तिघे ओढून नेतात, सिग्नलला मात्र उघडं पडतं.

हे मी पहिल्या गॅरेजवाल्याला सांगायचा प्रयत्न केला. गॅरेज मोठं होतं, बाहेर काच आणि आत कॉफीचं मशीन. नाव सांगत नाही. तिथल्या तरुणाने गाडी चालूही केली नाही. कागदावर यादी केली: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, वायरी. “सगळंच बदलून टाकू, म्हणजे प्रश्नच नको.” ही पद्धत हल्ली फार लोकप्रिय आहे. निदान करण्यापेक्षा सामान बदलणं सोपं असतं, आणि सामानाचं बिल होतं, निदानाचं होत नाही. मग नाना पेठेत जाऊन मी दुकानं पालथी घातली. पद्मिनीचा कंडेन्सर म्हटल्यावर एका दुकानदाराने मला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. हा मान मला एरवी लग्नातही मिळत नाही. कंडेन्सर मिळाला. दिसायला चकचकीत. कंडेन्सरचं काम एवढंच की पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून करंट वाया जाऊ नये. हा नवा कंडेन्सर ते काम मनापासून करत नव्हता. पॉइंट काळे पडले आणि एक सिलेंडर मिस मारणारी गाडी आता चारही सिलेंडरांवर आळीपाळीने मिस मारू लागली. बिल भरून मी गाडी ढकलत बाहेर काढली. जुना कंडेन्सर मात्र हट्टाने मागून घेतला. जुन्या गाडीवाल्यांनो, काढलेलं सामान नेहमी मागून घ्या. त्यातलं निम्मं चांगलं असतं.

शेवटी चाचांकडे गेलो. भवानी पेठेत एका बोळात त्यांचं गॅरेज आहे, म्हणजे एक पत्रा आणि त्याखाली एक बाकडं. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी उभी हयात फियाटच्या टॅक्सींवर काढली. आल्या आल्या मी काकांचं इथेनॉल, मामांचा फडका आणि गॅरेजची यादी सगळं सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही गप बसा. तिला बोलू द्या.”

गाडी चालू केली. ते बॉनेटजवळ आलेच नाहीत, मागे गेले. सायलेन्सरच्या तोंडाशी बसले आणि मला म्हणाले, दहाची नोट द्या. ती नोट त्यांनी धुराच्या झोतासमोर धरली. नोट बाहेरच्या बाजूला फडफडत राहिली, मधेच अडखळली, पण एकदाही आत ओढली गेली नाही. आत ओढली गेली असती तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला, हेड खोलावं लागलं असतं, खर्च मोठा. “हेड सलामत,” ते म्हणाले आणि नोट खिशात घातली. तपासणीची फी एवढीच.

मग जुना कंडेन्सर परत बसवला, पॉइंट घासले, आणि त्यांची फट लावायला बाकड्याखालून एक लग्नपत्रिका काढली. तिचा एक कोपरा गेज म्हणून अनेक वर्षं वापरात असावा. नवरानवरीची नावं तेलात बुडाली होती. प्लगची फट त्यांनी हेक्सा ब्लेडने बघितली. मी घरून नेलेला नवाकोरा फीलर गेज त्यांनी हातात घेतला, कौतुक केलं आणि परत दिला.

नंतर प्लग. चारही काढून त्यांनी ओळीने बाकड्यावर मांडले. एक, दोन आणि चार नंबरच्या प्लगची टोकं बदामी रंगाची. म्हणजे तिथे पेट्रोल-हवा ठीक जळतंय. पांढरट असती तर हवा जास्त, कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त, तेलकट काळी असती तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. तीन नंबरचा प्लग ओला होता. हुंगला. पेट्रोल. “ह्याला पेट्रोल मिळतं, आग नाही मिळत.” प्लग बदलून पाहिला, दोनचा तीनला आणि तीनचा दोनला. तरी तीन नंबर थंडच. म्हणजे प्लगचा दोष नाही, जागेचा दोष.

यानंतर जे झालं ते प्रत्येक सोसायटीने, मंडळाने आणि संस्थेने बघण्यासारखं आहे. चाचांनी चालू इंजिनात, पकडीच्या रबरी मुठी धरून, एकेका प्लगची वायर उपसून पुन्हा लावायला सुरुवात केली. एक नंबरची काढली, इंजिन कण्हलं आणि बसायला लागलं. लावली, उठलं. दोनची काढली, पुन्हा तेच. चारची, तेच. तीनची काढली. काहीच झालं नाही. इंजिन होतं तसंच लडखडत चालू राहिलं. ज्याला बाजूला काढलं तरी कारभारात तसूभर फरक पडत नाही, तोच कामावर नाही, ही ती तपासणी. आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीत अकरा सदस्य आहेत. रविवारी हे मी बैठकीत सांगितलं, तेव्हा चेअरमनसाहेबांनी विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय तातडीने घेतला.

करंट तीन नंबरला का पोहोचत नाही, ते शोधायला चाचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोथरूडला आले. त्यांना अंधार हवा होता. पार्किंगचे दिवे बंद करायला वॉचमन तयार होईना. त्याला लेखी परवानगी हवी होती, आणि ती द्यायला चेअरमन स्वतः खाली आले, मागोमाग काका, मागोमाग भाचा. दिवे गेले. बाहेर पावसाची भुरभुर. चाचांनी इंजिन चालू केलं आणि फवारणीच्या बाटलीतून, जिने बायको कपड्यांवर पाणी मारते, त्याच बाटलीतून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर पाण्याचा बारीक तुषार सोडला. तेव्हा दिसलं. काळ्या झाकणावर एक निळी रेघ, केसाएवढी, तीन नंबरच्या खाचेतून खाली बॉडीपर्यंत सरपटत जाणारी. झाकणाला बारीक तडा गेला होता, त्यात काजळीची वाट तयार झाली होती, आणि पावसाळी दमट हवेत हजारो व्होल्टचा करंट प्लगकडे जायचे कष्ट न घेता त्या वाटेने गाडीच्या लोखंडात उतरत होता. उन्हाळ्यात हाच तडा होता, पण कोरडा. म्हणून गाडी मे महिन्यात ठीक होती आणि जुलैत नाही. ही साधी गोष्ट इतक्या निदानांत कुणीच विचारली नव्हती: कधीपासून?

अंधारात काका म्हणाले, “मी म्हणतच होतो, करंट.” त्यांनी पेट्रोल म्हटलं होतं. पण अंधारात साक्षीदार कमी असतात.

झाकण जुन्या बाजारातून मिळालं. नवं नव्हे, पण धड. तीन नंबर कामावर रुजू झाला. तरी सिग्नलला हुडहुडी थोडी उरलीच. आता मात्र गाडी रेस दिली की लोण्यासारखी, फक्त आयडलला डळमळीत. चाचा म्हणाले, हे वेगळं दुखणं. करंटचा दोष रेस दिली म्हणून जात नाही. फक्त उभ्या गाडीला त्रास होत असेल तर कार्बोरेटरमधला स्लो जेट चोंदलेला, नाही तर कुठून तरी चोरून हवा आत जातेय. स्लो जेट त्यांनी काढून फुंकला, स्वच्छ होता. मग ऑइलच्या पिचकारीने कार्बोरेटरच्या बुडाशी दोन थेंब सोडले. इंजिन चटकन शांत झालं. थेंब आत ओढले गेले, पुन्हा डळमळलं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा आत जात होती.

कार्बोरेटर उतरवून त्याचं बूड त्यांनी डोळ्यासमोर आडवं धरलं आणि मला दाखवलं. ते वाकलं होतं. दोन कान वर आलेले, मध्ये पोकळी. कार्बोरेटर मऊ धातूचा असतो. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की कानाकडून वाकतो, फट पडते, हवा शिरते, गाडी डळमळते. गाडी डळमळते म्हणून येणारा जाणारा नट अजून आवळतो. आमच्या गाडीचं हे दुसरं दुखणं कुठल्याही यंत्राने दिलेलं नव्हतं. ते आस्थेने दिलं होतं.

“कुणी आवळलं एवढं?” चाचांनी विचारलं.

चेअरमन वर बघत होते. भाचा मोबाइलवर. मामा सुदैवाने नाशिकला.

उपाय सोपा आणि जुना. सपाट काच घ्यायची, तिच्यावर पॉलिश पेपर ठेवायचा, आणि कार्बोरेटरचं बूड आठाच्या आकारात घासत राहायचं, वर आलेले कान झिजून सगळी पाठ एकसारखी होईपर्यंत. काच ड्रेसिंग टेबलची आली. ती कुणाला विचारून आली, हे इथे लिहिण्यात अर्थ नाही. नवं पॅकिंग, नट हाताने बसवून मग पान्याची जेमतेम पाव फेरी, आणि चाचांनी एअर स्क्रू इकडे थोडा तिकडे थोडा फिरवून आयडल लावलं. बॉनेटवर त्यांनी चहाचा भरलेला पेला ठेवला. चहा हलला, सांडला नाही. हा त्यांचा शेवटचा दाखला, आणि त्यावर कुठल्या गॅरेजचा शिक्का लागत नाही.

आता गाडी नळस्टॉपला उभी असते तेव्हा मागे स्कूटरवाला एकच दिसतो. चिडलेलाच, पण एक.

या लेखाच्या निमित्ताने दोन विनंत्या. एक, सर्व हितचिंतकांना: बॉनेट उघडं दिसलं तर जरूर या, चहा मिळेल, पण पाना घरी ठेवून या. दुसरी, वाचकांना: प्रीमियर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरचं तडा न गेलेलं झाकण कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर आम्हाला हवं आहे. पुढचा पावसाळा जूनमध्ये येतो. किंमत रास्त दिली जाईल. सल्ला सोबत नको.